वळणावर येणारं पाणी

आमच्या गाडीत पाणी येतं हे आधी नाकाला कळलं. दार उघडलं की आतून भिजक्या गोधडीसारखा वास यायचा. नवरा म्हणाला, "काही नाही ग, बरसातीत येतोच असा वास." ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पावसाळ्याला सर्रास बरसात म्हणतात, मीही आता म्हणते. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा सासरची मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. आता माहेरी गेले की भाऊ म्हणतो, तू सरळ हिंदीच बोल, निदान एक भाषा तरी धड होईल. बोलू दे त्याला.

तर वास. वासाचं मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण एक दिवस बाबांना गाडीतून उतरवताना त्यांचा मोजा पिळला तर पाणी निघेल इतका ओला लागला आणि माझा पारा चढला.

बाबा म्हणजे माझे सासरे. मागच्या थंडीत त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बरोबर वाचाही गेली. पाय थोडा परत आला, काठी टेकत अंगणापर्यंत येतात. हात जेमतेम उचलता येतो. बोलणं मात्र परत आलं नाही. कळतं सगळं. वरणात मीठ कमी असलं तर ताट जरासं पुढे सरकवतात, एवढी स्पष्ट तक्रार आम्ही धडधाकट माणसंही करत नाही. पण शब्द नाही. सासूबाई दिवसभर त्यांच्याशी बोलायच्या, मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या.

आणि मग ते गाडीत बोलले. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम फूलबागेकडे बसतात, तिथे मी त्यांना पहिल्यांदा घेऊन चालले होते. वळणावर एक टेम्पो आडवा घुसला आणि माझ्या डाव्या बाजूने आवाज आला, "ब्रेक!" मी ब्रेक मारला तो टेम्पोला घाबरून नाही, त्या आवाजाला घाबरून. महिनोन् महिने न ऐकलेला आवाज. वळून बघते तर बाबा टेम्पोवाल्याकडे डोळे वटारून बसलेले. पुढच्या चौकात म्हणाले, "उजवीकडे." मग, "हळू." मी रस्ताभर रडत गाडी चालवली आणि त्यावरही त्यांनी मान हलवून नापसंती दाखवली.

यात नवल वाटायला नको होतं. मला गाडी शिकवली ती बाबांनीच, याच गाडीत. मी सून म्हणून आले तेव्हा शेजारच्या बायका स्कूटीवर मागे बसायच्या, आणि हे रोज सकाळी मला दर्पण कॉलनीच्या गल्ल्यांतून फिरवायचे आणि ओरडायचे. क्लच सोड म्हणजे सोड, फेकू नकोस! त्यांच्या ओरडण्याला कंटाळून मी दोनदा चावी फेकून घरात निघून गेले आहे. नंतर मी उत्तम चालवायला लागले तरी डाव्या सीटवरच्या सूचना काही थांबल्या नाहीत. त्या सीटवर बसलं की तोंड चालू, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. मॅडम म्हणाल्या, "शब्द तिथे शाबूत आहेत. रोज फिरवा. तिथे बोलता बोलता कधीतरी बाहेरही बोलतील." आम्ही रिक्षात बसवून बघितलं, नवऱ्याच्या मित्राच्या नव्याकोऱ्या गाडीत बसवून बघितलं. छे. ओठ मिटून गप्प. माझ्या सासऱ्यांची वाचा एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या सीटवर होती, आणि नेमकं तिथेच पाणी येत होतं.

त्यांच्या उजव्या पायाला स्पर्श कळत नाही. म्हणजे पाय ओल्यात आहे हे त्यांना समजायचंच नाही. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलली, तिथे जखम झाली. डॉक्टर माझ्यावर खेकसले की असा पाय सांभाळता येत नसेल तर फिरवता कशाला. त्यात त्या कुबट हवेने त्यांना खोकला लागला. नवऱ्याने फैसला करून टाकला: "नवरात्रापर्यंत बघू, नाहीतर गाडी काढून टाकू. पंधरा वर्षांची होऊन गेली, यार. नव्या गाडीतही बोलतील हळूहळू."

"आणि नाही बोलले तर?"

यावर तो उठून बाबांची पट्टी बदलायला गेला. वाईट माणूस नाही तो. वडिलांचा सडका पाय बघवत नव्हता त्याला, एवढंच.

आधी गाडी गॅरेजात नेली. तिथे पुढच्या काचेच्या रबराभोवती काळी पेस्ट थापून दिली. गाडी शोकसभेला निघाल्यासारखी दिसायला लागली आणि पाणी होतं तिथेच राहिलं. मग एका रविवारी नवऱ्याला हुरूप आला. बनियनवर बाहेर आला, बादली भरली आणि धाडकन गाडीच्या टपावर ओतली. मग दुसरी. पाणी टपावरून, काचांवरून, चारी दारांवरून खाली आलं, आतही आलं. "बघ, येतंय!" म्हणाला. अरे, येतंय हे मला ठाऊक आहे, कुठून येतंय ते सांग! सगळी गाडी एकदम ओली केल्यावर कोणाच्या बापाला कळणार आहे? मी त्याच्या हातून बादली काढून घेतली आणि त्याला चहा करायला आत पाठवला.

मी शांत डोक्याने विचार केला, म्हणजे माझ्या मानाने शांत. साताऱ्याला आमच्या घराचं छप्पर गळायचं तेव्हा माझे वडील कधी वरून पाणी ओतून बघायचे नाहीत. खालच्या कौलापासून सुरुवात, एकेक ओळ वर. जिथे ओतल्यावर आत थेंब पडेल ती जागा. गाडीचंही तेच करायचं ठरवलं. पण त्याआधी आतलं कोरडं करायला हवं होतं. सीटचे नट सोडवायला नवरा लागलाच. सीट निघाली, खालचा गालिचा उचलला, तर त्याखालच्या जाड फोममध्ये तळं. पिळू तितकं पाणी, तेही चहाच्या रंगाचं. पत्र्यावर गंजाचे पोपडे आले होते. आणखी एक बरसात गेली असती तर बाबांचा पाय सरळ रस्त्यावर लागला असता. फोम गच्चीवर वाळत घातला, तर शेजारीण कठड्यावरून विचारते, "भाभी, गद्दे का क्या हुआ?" काय सांगू, गाडीला अंथरूण ओलं करायची सवय लागली म्हणून?

चार उन्हं देऊन आत सगळं खडखडीत झालं. मग उघड्या पत्र्यावर आणि डॅशबोर्डच्या खाली मी अंगाला लावायची पावडर भुरभुरली. पावडरीवरून पाणी गेलं की ओघळ उठतो, म्हणजे वाट कळते. आत टॉर्च घेऊन कोणीतरी बसायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, मी बसते. सत्तरी उलटलेली बाई पदर खोचून मागच्या सीटवर बसली, पुढे वाकून टॉर्च धरला आणि दारं लावून घेतली. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीवर. मी बागेचा पाइप हातात घेतला.

दाराच्या खालच्या कडेला पाणी सोडलं. "कोरडं!" सासूबाई आतून ओरडल्या. दाराच्या मधोमध. "कोरडं!" दाराच्या काचेच्या रबरावर बराच वेळ धरलं. "कोरडं ग बाई, पण मला इथे उकडून राहिलंय!" जरा काच खाली करा म्हटलं तर म्हणाल्या, काच खाली केल्यावर पाणी आत येणार नाही का, शिकलेली ना तू? खरंच होतं. मग गॅरेजवाल्याने थापलेल्या काळ्या पेस्टवर, काचेच्या दोन्ही कडांना, शेवटी टपावर. सगळीकडे कोरडं. पावडर जशीच्या तशी. मी हात टेकले. गाडी आपली थट्टा करतेय असंच वाटायला लागलं.

उत्तर सापडलं ते रस्त्यावर. सीट परत बसवून बाबांना मॅडमकडे न्यावंच लागलं, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. आदल्या रात्री धो धो पडला होता, पण सकाळी लख्ख ऊन होतं. रस्ते सुकलेले. फूलबागेशी बाबा म्हणाले, "उजवीकडे." मी उजवीकडे वळवली आणि डॅशबोर्डखालून त्यांच्या पायावर चुळकाभर पाणी पडलं. पिशवीवर टपटप वाजलं. बाबांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "पाणी."

नवा शब्द! एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण माझं डोकं दुसरीकडे लागलं होतं. आकाशात ढग नाही, तर हे पाणी आलं कुठून? रात्रीचं पाणी गाडीत कुठेतरी साठून राहिलं होतं, आणि वळताना हिंदकळून खाली सांडलं होतं. भोक शोधत बसलो होतो आम्ही. शोधायला हवं होतं तळं.

घरी आल्या आल्या बॉनेट उघडलं. पुढच्या काचेच्या तळाशी, वायपर जिथे बसवलेले असतात तिथे, काळी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून येणारं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हळीत पडतं आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांच्या भोकांतून जमिनीवर जातं. आत हवा फेकणारा पंखाही तिथूनच हवा ओढतो. वायपर काढले, जाळीचे स्क्रू काढले, जाळी उचलली. पन्हळ काठोकाठ काळ्या चिखलाने भरलेली. वरती पाणी उभं. पाण्याला जायला भोक नाही, म्हणून ते चढून पंख्याच्या वाटेने आत उतरत होतं, थेट बाबांच्या पायावर. चार उन्हांत हा चिखल सुकला होता, म्हणून माझ्या पाइपचं पाणी त्याने पिऊन टाकलं आणि आत थेंब आला नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी अंगणातच सासूबाईंना मिठी मारली. मग तो चिखल खरवडून काढायला घेतला. पानं असतील, धूळ असेल असं वाटलं होतं. पण तो सुटा होईना. एकात एक गुंतून त्याचा लोकरीच्या नमद्यासारखा जाड थर झाला होता. पुरणाची जुनी चाळणी आणली, त्यात गोळा टाकला आणि वरून पाइप धरला. माती वाहून गेली. चाळणीत राहिले नारळाच्या शेंडीचे धागे, झेंडूची करपलेली देठं, हाराचा दोरा. आणि तांदूळ. ओंजळभर तांदूळ, काळे-पिवळे, काही फुगून फुटलेले.

सासूबाईंनी वाकून बघितलं. "अग बाई," त्या हळूच म्हणाल्या, "या आपल्याच अक्षता की."

गाडी आली त्या वर्षापासून तिची पूजा बाबा करत. दसऱ्याला, पाडव्याला, शिवाय घरातलं कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की. बॉनेटवर नारळ सोलायचा, काचेच्या पायथ्याशी झेंडू वाहायचे, आणि हात जोडून मूठभर अक्षता काचेवर टाकायच्या, अगदी मधोमध. त्या कोणी झाडायच्या नाहीत, असा या घराचा नियम. झाडल्या तर गाडीची रक्षा जाते. त्या आपोआप पडू द्यायच्या. त्या आपोआप जाळीतून आत पडत होत्या, वर्षानुवर्षं. मी निघाले की त्यांनी टाकलेल्या अक्षता पहिल्या वळणापर्यंत काचेवरून घसरताना मी कितीदा बघितल्या आहेत! कुठे जातात हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मी मान वर केली तर बाबा खुर्चीतून उठून काठी टेकत आमच्यापाशी आले होते. चाळणीत बघत होते. डाव्या हाताने त्यांनी एक दाणा उचलला, बोटांत चुरडला. मी घाईघाईने म्हटलं, "अहो बाबा, उंदरांनी ओढून नेले असतील हो तांदूळ, उंदीर काय कमी आहेत कॉलनीत?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या पायाकडे बघितलं, पट्टी बांधलेल्या. मग काठी वळवली आणि आत गेले.

गाडी दुरुस्त झाली. गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, वर लाल रंगाचे हात दिले, फोम वाळून परत बसला. पन्हळीत ओतलेली बादली झरझर जमिनीवर गेली. नंतर जाता जाता पाऊस दोनदा झोडपून गेला, पण आत थेंब नाही. पायाची जखम भरत आली, खोकला थांबला. नवरा म्हणाला, "मान गए!" आणि गाडी विकायचा विषय बंद केला.

पण बाबा गाडीत बोलायचे थांबले.

आधी वाटलं, आज मूड नसेल. दुसऱ्या दिवशीही नाही. फूलबागेच्या वळणावर मी मुद्दाम उशिरा वळवली, ते समोर बघत राहिले. मी मुद्दाम पाटणकर बाजारात शिरले, संध्याकाळच्या गर्दीत, जिथे शहाणा माणूस चारचाकी घालत नाही. हातगाडी चाटून गेली, मागून हॉर्न वाजत होते, लोक मला शिव्या देत होते. पूर्वीचे बाबा असते तर त्यांनी मला तिथेच उतरवलं असतं. आता ते मांडीवर हात ठेवून कोरड्या ठणठणीत गाडीत बसले होते. "बाबा, काहीतरी बोला ना हो," मी म्हटलं, "ओरडा तरी!" त्यांनी डोळे मिटून घेतले. एका दुकानासमोर गाडी थांबवून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. इतका राग आला होता मला. कोणाचा ते सांगता येईना. गाडी वाचवली ती कशासाठी?

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, जबरदस्ती नको. ते सोपं असतं म्हणायला.

नवरात्र असंच गेलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "यंदा गाडीची पूजा राहू देऊ का? त्यांना उगाच..." सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, पूजा टाळली तर त्यांना वाटेल की आपण त्यांनाच टाळलं. करायची. मी जाळीवर एक स्वच्छ टॉवेल अंथरायचं ठरवलं. पडेल ते टॉवेलवर पडेल, नंतर उचलून झाडाखाली टाकता येईल. नियमही मोडणार नाही, पन्हळही तुंबणार नाही.

सकाळी गाडी धुऊन अंगणात उभी केली. सासूबाईंनी ताट आणलं. बाबांना खुर्ची दिली होती, पण ते बसले नाहीत, काठी टेकून उभे राहिले. नवऱ्याने चाकांना हळदकुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. नारळ त्याने बाजूला जाऊन सोलला आणि पायरीवर फोडला. मुंजीत आगंतुक आल्यासारखा तो टॉवेल काचेखाली पसरला होता आणि त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

अक्षतांची वेळ आली तशी बाबांनी काठी नवऱ्याच्या हाती दिली आणि ताटाकडे डावा हात केला. सासूबाई सवयीने बोलून गेल्या, "अहो, डाव्या हाताने नको." बोलल्या आणि जीभ चावली. बाबांनी डाव्या हाताने अक्षता उचलल्या, आपल्या उजव्या तळव्यात ठेवल्या आणि तो बधिर हात डाव्या हाताने मनगटाशी धरून उचलला. लहान मुलाला हात धरून चालवावं तसं त्या हाताला धरून ते निघाले. नवरा आधाराला एका बाजूला. मी गाडीच्या पुढे उभी होते. वाटलं, टाकू देत काचेवर, भरू दे पन्हळ पुन्हा, मी दर दसऱ्याला स्क्रू काढीन, पण यांना एकदा मागच्यासारखं काहीतरी करू दे.

ते काचेपाशी आले. टॉवेलकडे बघितलं. थांबले. मग पाय फरफटत माझ्याकडे वळले. मी काही समजायच्या आत तो जड हात माझ्या डोक्यावर आला आणि उलटा झाला.

"गाडीला नको," बाबा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होते. "तुला."

सासूबाईंच्या हातातलं ताट तिरकं झालं, नवऱ्याने ते धरलं. मी वाकून बाबांचे पाय धरले ते मला सोडवेनात. गाडीचं दार बंद होतं आणि बाबा अंगणात, जमिनीवर उभे होते.